तीन देशांची सहल: बॅग भरण्याआधी सांधे तपासा

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरातून तुम्ही, तुमच्या सौभाग्यवती, मुलगी आणि नऊ वर्षांचा नातू असे चौघे जानेवारीत पंधरा दिवसांसाठी निघताय. आधी बँकॉक, मग अंगकोर वाट, शेवटी हो ची मिन्ह सिटी आणि तिथून परत. जावयांना पुण्याच्या नोकरीतून सुट्टी मिळत नाही. टूर कंपनीबरोबर न जाता सगळं स्वतः करायचं ठरवलंय. बॅगेत काय घ्यावं, पैसे कसे न्यावेत, औषधं आणि जेवणाचं काय, हे तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय की तुमचा पासपोर्ट मे महिन्यात संपतो, पण तोवर आपण परत आलेलो असू.

माझं उत्तर मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते. 2006 पासून कोल्हापूरच्या राजारामपुरीतून मी छोटे गट घेऊन जाते, आठ-दहा माणसांचे, बहुतेक आग्नेय आशियात. इतक्या वर्षांत कपडे कमी पडले म्हणून कुणाची सहल बिघडलेली मी पाहिली नाही. स्वेटर राहिला तर तिथे मिळतो, पेस्ट राहिली तर मिळते. सहल अडते ती एका देशातून दुसऱ्या देशात शिरताना. या जागांना मी सांधे म्हणते. एकाच देशाला जाणाऱ्याला दोन सांधे असतात, जाताना आणि येताना. तुम्हाला चार आहेत: मुंबई ते बँकॉक, बँकॉक ते कंबोडिया, कंबोडिया ते व्हिएतनाम, व्हिएतनाम ते मुंबई. तयारीचा बहुतेक वेळ या चार ठिकाणी घाला.

काही गोष्टी तुमच्याच परिस्थितीवर ठरतील. सौभाग्यवतींचे गुडघे कसे आहेत, मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे की सासरच्या, रोजची कुठली औषधं चालू आहेत, बसचा सहा-सात तासांचा प्रवास झेपतो का. यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, म्हणून जिथे फरक पडतो तिथे दोन्ही बाजू लिहिते.

पासपोर्ट आधी. मे महिन्यात संपणारा पासपोर्ट जानेवारीत चालू असतो हे खरं, पण या भागातले देश आणि विमान कंपन्या प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. तुमची चारच महिने राहते. मुंबईत चेक-इनच्या काउंटरवरच थांबवतील, बँकॉकपर्यंत पोचणारही नाही. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा पासपोर्ट मागता येतो. आपला जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, पण कोल्हापुरातच पोस्ट ऑफिसमधलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याची खेप करायची गरज नाही. पोलीस पडताळणीसाठी घरच्या पत्त्यावर कुणीतरी असेल असं बघा. नव्या पासपोर्टला नवा नंबर येतो. तो हातात येईपर्यंत कुठलाही व्हिसा भरू नका, कारण व्हिसा पासपोर्टच्या नंबराला बांधलेला असतो.

नावाचं म्हणाल तर आपल्याकडे हा घोळ हमखास होतो. पासपोर्टावर आडनाव एका रकान्यात असतं आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. तिकीट काढताना लोक मधलं नाव गाळतात, व्हिसा भरताना घालतात, आणि आडनाव कधी आधी तर कधी शेवटी लिहितात. मुलीच्या बाबतीत आधार सासरच्या नावाचं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तरी अडत नाही, फक्त तिकीट, व्हिसा, विमा हे तिन्ही पासपोर्टावरून अक्षर न् अक्षर उतरवा. पासपोर्टचं पान समोर ठेवून एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं. तुम्ही आयुष्यभर शाळेत शुद्धलेखन तपासलं असेल, हे काम तुमच्याकडेच ठेवा.

आता सांधे. पहिला बँकॉकचा. जुलै 2024 पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय 60 दिवसांची मुभा दिली. असे नियम सरकारं बदलत असतात, म्हणून एकदा तिकीट काढण्याच्या दिवशी आणि एकदा निघण्याच्या आठवड्यात थायलंडच्या दूतावासाच्या पानावर नजर टाका. मे 2025 पासून एक गोष्ट मात्र सक्तीची झाली आहे: आगमनाचं डिजिटल कार्ड. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, प्रत्येकाचं वेगळं, नातवाचंसुद्धा. ते फुकट असतं. शोधल्यावर सगळ्यात वर पैसे मागणारी पानं दिसतात, ती सरकारी नव्हेत. तीच काळजी पुढच्या दोन्ही देशांत घ्या. थायलंडच्या सरकारी पत्त्याचा शेवट जीओ डॉट टीएच असा होतो, कंबोडियाचा जीओव्ही डॉट केएच आणि व्हिएतनामचा जीओव्ही डॉट व्हीएन.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत हे बऱ्याच जणांना विमानतळावर पोचल्यावर कळतं. मुंबईहून जाणारी बरीच विमानं सुवर्णभूमीला उतरतात, आणि स्वस्तातली बरीच विमानं डॉन मुआंगहून सुटतात. शहराच्या दोन टोकांना आहेत. तिकिटावर शहराच्या नावाखाली बारीक अक्षरात विमानतळाचं नाव असतं, ते वाचा. हीच सवय आता मुंबईसाठीही लावून घ्या, कारण डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय.

दुसरा सांधा बँकॉक ते सिएम रीप. अंगकोर वाटसाठी उतरायचं ते सिएम रीपला. जुन्या प्रवासवर्णनांत हा प्रवास बसने, आरान्यप्रथेत आणि पोइपेतच्या सीमेवरून केलेला वाचाल. तुमच्या मनातही कदाचित तोच असेल. तो काढून टाका. जून 2025 मध्ये थायलंडने कंबोडियाची जमिनीवरची सीमा पर्यटकांना बंद केली. त्यानंतर जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात दोन्ही सैन्यांत लढाई झाली. जानेवारीपर्यंत काहीही होवो, नातवाला घेऊन त्या सीमेच्या भरवशावर बेत करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विमानाने तासाभराचाच प्रवास आहे. एक लक्षात ठेवा, सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला आणि तो शहरापासून चाळीस किलोमीटरच्या पुढे आहे. रात्री उशिरा उतरत असाल तर हॉटेलला आधीच गाडी सांगा.

कंबोडियाला व्हिसा लागतो, पर्यटकाचं मूळ शुल्क 30 डॉलर. तो उतरल्यावरही मिळतो, पण वय झालेली माणसं आणि मूल बरोबर असताना रांग नको, म्हणून मी ई-व्हिसा आधी काढून छापील प्रत देते. त्याशिवाय विमानाने येणाऱ्यांना आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, पोचण्याच्या आधीच्या सात दिवसांत. हा व्हिसा एकदाच आत शिरण्यापुरता असतो. हे वाक्य पुढच्या गोष्टीसाठी लक्षात असू द्या.

तिसरा सांधा कंबोडिया ते व्हिएतनाम, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात नाजूक हाच. 2019 ची गोष्ट. इचलकरंजीचं एक जोडपं, दोघेही साठीच्या पुढचे, माझ्या आखणीवर निघालं होतं. कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह इथून हो ची मिन्हला बसने जायचं होतं, बावेत नावाच्या गावाशी सीमा ओलांडून. नोम पेन्हमध्ये त्यांचा एक दिवस वाचला, म्हणून त्यांनी बस एक दिवस अलीकडे घेतली आणि मला संध्याकाळी कळवलं. कंबोडियाने त्यांना बाहेर पडल्याचा शिक्का मारला. शंभर पावलांवर व्हिएतनामच्या खिडकीत अधिकाऱ्याने व्हिसा बघितला आणि परत दिला. व्हिसा दुसऱ्या दिवसापासूनचा होता. पुढे जाता येईना, आणि मागे जायला कंबोडियाचा एकदाचा व्हिसा वापरून संपलेला. ती तारीख मी भरली होती, आणि बदल करण्याआधी मला विचारा हे त्यांना बजावून सांगायचं राहिलं तेही माझ्याकडूनच. दोघांना कंबोडियाचा व्हिसा पुन्हा विकत घ्यावा लागला आणि कॅसिनोंनी भरलेल्या त्या गावात रात्र काढावी लागली. काकांना रक्तदाबाचा त्रास होता. ती रात्र मी फोन हातात धरून काढली.

तेव्हापासून मी प्रत्येक सांध्याचा एक कागद करते, वेगळा, छापलेला. त्यावर पाचच गोष्टी: कुठल्या तारखेला, कुठल्या दारातून, कुठले कागद दाखवायचे, त्या कागदांवरच्या तारखा काय, आणि अडलं तर कुणाला फोन करायचा. बेत बदलायचा झाला की आधी हे कागद उलगडायचे, मग तिकिटाला हात लावायचा. तुम्हीही चार कागद करा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच्या प्रवेशाला 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाला 50, आणि जास्तीत जास्त 90 दिवसांचा मिळतो. मुक्काम आठ दिवसांचा असला तरी सुरुवातीची तारीख दोन-तीन दिवस अलीकडची आणि शेवटची थोडी पुढची भरा, शुल्क तेवढंच पडतं. अर्जात कुठल्या सीमेवरून किंवा विमानतळावरून शिरणार ते निवडावं लागतं. हो ची मिन्हचा विमानतळ तान सोन न्हात. बसने गेलात तर मोक बाई, म्हणजे बावेतच्या समोरचं व्हिएतनामचं दार. एक निवडून दुसरीकडून शिरायला जाऊ नका. नावात किंवा नंबरात चूक झाली तर दुरुस्ती होत नाही, नवा अर्ज आणि नवे पैसे. निघायच्या तीन-चार आठवडे आधी भरा. जानेवारीच्या शेवटाकडे जात असाल तर अजून आधी, कारण तेत हा त्यांचा नववर्षाचा सण जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो आणि त्या दिवसांत कार्यालयं, दुकानं, बरंच काही बंद असतं.

तुमचा क्रम मला आवडला, कारण त्यात प्रत्येक देशात एकदाच शिरायचं आहे. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून हो ची मिन्हला उतरून, अंगकोर करून परत हो ची मिन्हहून मुंबई असं केलंत तर व्हिएतनामचा अनेक प्रवेशांचा व्हिसा लागेल. कुणीतरी हमखास हे सुचवेल, म्हणून सांगून ठेवते. आणि सिएम रीप ते हो ची मिन्ह तुम्ही विमानानेच जा. बसने आधी नोम पेन्हपर्यंत सहा तास आणि पुढे सीमेसकट आणखी सहा-सात. तरुण असताना त्यात मजा असते.

नातवाचा एक कागद वेगळा. वडील बरोबर नसताना मूल परदेशी जातंय, तेव्हा जावयांचं संमतीपत्र इंग्रजीत, नोटरी करून, त्यांच्या पासपोर्टच्या किंवा आधारच्या प्रतीसकट फाइलमध्ये ठेवा. दर वेळी विचारतातच असं नाही, पण विचारलं तर त्या क्षणी दुसरा काहीच उपाय नसतो. परतीचं तिकीट आणि सगळ्या हॉटेलांची बुकिंगही छापून न्या. नोकरीच्या आमिषाने आपली मुलं कंबोडिया आणि म्यानमारच्या फसवणुकीच्या केंद्रांत अडकली, तेव्हापासून आपल्याकडचे अधिकारीसुद्धा या मार्गावर चौकशी करतात. त्यांनी प्रश्न विचारले तर राग मानू नका.

पैसे. कंबोडियात डॉलर सरळ चालतात. सुटे रिएल या त्यांच्या चलनात मिळतात, डॉलरला साधारण चार हजार रिएल धरतात. पण फाटलेली, शाई लागलेली, मळकी नोट कुणी घेत नाही. म्हणून डॉलर घेताना नवीकोरी नोट मागून घ्या, त्यात 1, 5 आणि 10 च्या भरपूर. एका माणसाला एका प्रवासासाठी रोख 3000 डॉलरपर्यंत नेता येतात, तुम्हाला त्याच्या जवळपासही लागणार नाहीत. थायलंडचे बाथ थोडे इथूनच घ्या, व्हिएतनामचे डोंग मात्र तिथेच बदला. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग पडतात, त्यामुळे चहाचं बिलही हजारांत येतं आणि माणूस गोंधळतो. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. संध्याकाळच्या उजेडात वीस हजार समजून पाच लाख देणारे मी पाहिलेत. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या. उरलेले डोंग आणि रिएल परत आणू नका, कोल्हापुरात ते कुणी बदलून देत नाही.

फॉरेक्स कार्ड घेतलंत तर त्यात डॉलर भरा. बहुतेक कार्डांत डोंग आणि रिएल नसतातच. दुकानात मशीनने रुपयांत की स्थानिक चलनात असं विचारलं तर स्थानिक चलन दाबा, रुपये निवडले की दर वाईट लागतो. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो, तो ॲपमधून किंवा शाखेत जाऊन चालू करून घ्यावा लागतो. आणि ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम रोमिंगसह चालू राहिलं पाहिजे. इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम घ्या, पण आपलं सिम काढून घरी ठेवू नका. हे मी प्रत्येक गटाला सांगते, आणि तरीही कुणीतरी जुना फोन आणि बँकेचं सिम घरी ठेवून येतं.

औषधं दोन भागांत करा, अर्धी हातातल्या बॅगेत. मूळ पाकिटातच ठेवा, डबीत काढून नको. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, तीत औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं. झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, तीव्र वेदनाशामक यांवर परदेशात निर्बंध असू शकतात, तसं काही चालू असेल तर आधी चौकशी करा. विमा घेताना रक्तदाब, साखर, झालेली शस्त्रक्रिया, काहीही लपवू नका. हप्ता थोडा वाढतो, पण लपवलेल्या आजारावरचा दावा फेटाळला जातो. पॉलिसीत तिन्ही देश येतात का ते वाचून बघा.

खाण्याबद्दल. कोल्हापुरी माणसाला कांदा-लसूण मसाल्याशिवाय चार दिवस जड जातात, मला माहीत आहे. पण मसाल्यात खसखस असेल तर ती पुडी घरीच ठेवा. सिंगापुरात आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, आणि स्वस्त तिकिटं नेमकी तिकडूनच वळसा घेतात. सुकं खोबरंही विमानाच्या सामानात देऊ नका, त्यात तेल असल्याने ते पेट घेणाऱ्या पदार्थांत धरतात. शेंगदाण्याची चटणी, खाकरा, मेतकूट, भडंग हे बिनघोर न्या. लोणचं हातातल्या बॅगेत काढून घेतील, ते मोठ्या बॅगेत. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत.

तुमच्या घरात शाकाहारी कोण ते लिहिलेलं नाही. या तिन्ही देशांत माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, भाजीतही पडतो. 'मांस नको' म्हटल्यावर तो गेला असं होत नाही. थायलंडमध्ये 'जे' आणि व्हिएतनाममध्ये 'चाय' हे शब्द शिकून घ्या. बौद्ध शाकाहाराचे हे शब्द पाटीवर दिसले की फिश सॉसची चिंता राहत नाही. व्हिएतनाममध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक जण 'चाय' जेवतात, त्या दिवशी अशी खानावळ शोधावी लागत नाही.

कपड्यांत जास्त वेळ घालवू नका. तुमच्या मार्गावर जानेवारी कोरडा आणि उबदार असतो. फक्त अंगकोरला खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. आणि अंगकोरला घाई नको, ही माझी कळकळीची विनंती. विष्णूचं मंदिर म्हणून बाराव्या शतकात बांधलेल्या त्या वास्तूत समुद्रमंथनाचं शिल्प जवळजवळ पन्नास मीटर लांब आहे. नातवाला गोष्ट सांगत सांगत त्याच्या कडेने चालायला अर्धा तास तरी ठेवा. एका दिवसाचं तिकीट 37 डॉलर, तीन दिवसांचं 62, आणि ते तीन दिवस दहा दिवसांत कधीही वापरता येतात. तुम्ही तीन दिवसांचंच काढा, सकाळी बघा, दुपारी हॉटेलवर आराम करा. 12 वर्षांखालच्या मुलांना फुकट, पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवावा लागतो. सगळ्यात वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे आणि लहान मुलांना तिथे सोडत नाहीत, तेव्हा कुणीतरी खाली थांबायचं हे आधीच ठरवा. गुडघे दुखत असतील तर ते आपोआप ठरेल.

कोल्हापूर ते मुंबई हाही माझ्या हिशेबात एक सांधाच आहे. परदेशाची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 12 तारीख, वेळ 00:50 असेल तर तुम्हाला 11 च्या रात्री विमानतळावर असायला हवं. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोचते, म्हणजे 10 च्या रात्री कोल्हापूर सोडायचं. तिकिटाचे पैसे भरण्याआधी हा हिशेब कॅलेंडरवर बोट ठेवून करा. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमानाने मुंबईला गेलात आणि ते तिकीट वेगळं असेल, तर ते उशिरा पोचल्यास पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही, म्हणून मध्ये निदान अर्धा दिवस ठेवा. तुम्ही जानेवारीत निघताय हे बरं आहे. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पुराने महामार्ग बंद पडला होता, तेव्हापासून पावसाळ्यातल्या गटांना मी दोन दिवस आधी मुंबईत नेऊन ठेवते.

राहता राहिला नातवाचा पासपोर्ट. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, तेव्हा त्याची तारीख आजच बघा. त्यालाही सहा महिने शिल्लक नसतील तर तुमच्या अर्जाबरोबरच त्याचाही करा. त्यासाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट ड, म्हणजे पालकांच्या संमतीचा फॉर्म, लागतं. जावई पुण्याला असतात, तर कोल्हापूरची अपॉइंटमेंट घेण्याआधी त्यांची सही मागवून ठेवा.